गवयाच्या नावावर अडीच

बांधकामाच्या मालाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत तो काँक्रीटचे ठोकळे फोडायचा. ठेकेदारांची माणसं ठोकळे आणून टाकायची. हा ते पुसून, मोजून दाबयंत्राखाली ठेवायचा आणि ठोकळा फुटला की काट्यावरचा आकडा वहीत लिहायचा. बाकीचे तपासनीस ‘पंचवीसच्या आसपास’ म्हणून मोकळे व्हायचे. हा ‘पंचवीस पूर्णांक चार’ म्हणायचा. घरी आईनं भाजी कशी झालीय विचारलं तरी ‘दहापैकी सात पूर्णांक दोन’ असं उत्तर देणारा माणूस. त्याचं नाव दशांश पडलं ते यामुळेच. पुढे खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

नोकरी लागली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याला एकही मित्र नव्हता. कामावरून यायचं, जेवायचं, खोलीत जाऊन छताकडे बघत पडायचं. आई काळजीनं अर्धी झाली. तेव्हा ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे भाऊजींनी, एका रविवारी सकाळी त्याला अक्षरशः दंडाला धरून उठवलं.

“चल, तुला राक्षस मारायला नेतो,” भाऊजी म्हणाले.

“कुठे?”

“वाचनालयात. आणखी कुठे सापडणार राक्षस?”

भाऊजी पत्र्याच्या कारखान्यात होते. डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. माणूस उंच, सडपातळ, आवाज मात्र दणदणीत. घरातही असे बोलायचे की शेजारच्याला वाटावं आपल्यालाच हाक मारली. वाचनालयातली ग्रंथपाल बाई त्यांची शाळासोबती. दर रविवारी वाचनालय बंद असताना मागच्या खोलीत, फाटक्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये टेबल मोकळं करून, तिचा खेळ चालायचा.

खेळ तसा साधा. बाई गोष्ट सांगायची. “तुमच्यापुढे पूल आहे. पुलावर तीन राक्षस. काय करता?” प्रत्येकानं एकेक पात्र घेतलेलं असायचं आणि आपलं पात्र काय करतं ते पाळीपाळीनं सांगायचं. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. बाईचा नियम कडक होता. फासा ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. मध्येच कुणी तोंड घातलं की ती चष्म्यावरून अशी बघायची की माणूस शाळेत जाऊन पडायचा.

पात्रांचे वर्ग असायचे. दशांशनं लढवय्या घेतला. पात्रांच्या यादीत सगळ्यात जास्त आकडे त्याच्यापुढे होते, एवढंच कारण. चष्म्याच्या दुकानात काम करणारा एकजण होता, त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे. तो तिरंदाज होता. सरकारी दवाखान्यातली एक नर्स जादूगार झाली होती. “आठवडाभर लोकांच्या जखमा बांधते. रविवारी तरी मला जाळपोळ करू द्या,” ती म्हणायची. आणि भाऊजी होते गवई.

लढाईच्या ऐन धुमाळीत हा गवई बाजूला उभा राहून गायचा. नियम असा की तो गात असेपर्यंत शस्त्र चालवणाऱ्या साथीदारांनी (जादूला हे लागू नाही) फाशावर दोन मिळवायचे आणि घाव बसला तर घावातही दोन मिळवायचे. भाऊजींची पाळी आली की ते छाती फुगवून एकच ओळ म्हणायचे, तीही स्वतःच रचलेली, चाल दर वेळी वेगळी आणि दर वेळी चुकलेली. मग सगळ्यांकडे बोट फिरवत ओरडायचे, “दोन मिळवा!” त्यानंतर आपली किरकोळ तलवार कुणाला तरी टोचायचे. राक्षस त्यानं मरत नसत. नर्स म्हणायची, मेलेच तर गाण्यानं मरतील.

त्या टेबलावर दशांश माणसात आला. आधी नुसता फासा टाकायचा, मग बोलायला लागला, मग हसायला. दोन वर्षांत तो चष्मेवाल्याच्या घरी हक्कानं जेवायला जाऊ लागला. नर्सच्या मुलीला गणित शिकवू लागला. आई ताईला म्हणायची, “तुझ्या नवऱ्यानं माझा मुलगा मला परत दिला गं.”

पण दशांश तो दशांशच. प्रत्येक लढाईत कुणाच्या पाळीला किती घाव बसला, हे तो वहीत लिहून ठेवायचा. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून. चौथ्या वर्षी पलीकडच्या शहरात या खेळाची स्पर्धा होणार असल्याचं कळलं. चौघांचा एक संघ, तीन लढाया, जो जास्त टिकेल तो जिंकला. दशांशच्या अंगात वारं शिरलं. दोन वर्षांच्या नोंदी काढून त्यानं आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तक्ता केला. कोणता वर्ग दर पाळीला सरासरी किती मारतो? लढवय्या चौदा पूर्णांक सात. तिरंदाज बारा पूर्णांक तीन. जादूगार नऊ. आणि सगळ्यात खाली, गवई: अडीच.

रविवारी त्यानं तो तक्ता टेबलावर पसरला. आलेखाच्या कागदावर, तांबड्या-निळ्या शाईत, प्रयोगशाळेचा अहवाल असतो तसा.

“चौघं मिळून आपण पाळीला साडेअडतीस मारतो,” तो म्हणाला. “गवयाच्या जागी दुसरा लढवय्या घेतला तर पन्नासच्या वर जातो. साधं गणित आहे.”

चष्मेवाल्यानं तक्ता जवळ ओढला. नर्स म्हणाली, “अरे, पण भाऊजींचं गाणं?”

“गाणं छान आहे. मजा येते. पण स्पर्धेत मजा मोजत नाहीत.” मग तो भाऊजींकडे वळला. “भाऊजी, तुम्ही पात्र बदला ना. लढवय्या घ्या. सगळं मी शिकवतो.”

भाऊजी खिडकीकडे पाठ करून बसले होते, नेहमीच्या खुर्चीत. त्यांनी मान हलवली. “नको रे. मला तलवारबिलवार नाही जमायची. कोण कुठून येतंय, किती लांब आहे, कुणाच्या मागे कोण... तेवढं ध्यान नाही राहत. मी आपला गातो तेच बरं.”

“पण गवई कामाचा नाही, भाऊजी. आकडे बघा ना. अडीच! अडीच म्हणजे असून नसल्यासारखा.”

ग्रंथपाल बाईनं तोंड उघडलं होतं, पण भाऊजींनी हातानंच तिला थांबवलं. ते तक्त्यावर वाकले, एकेक ओळ बोटानं वाचली, आणि हसले.

“सुरेख काढलायस,” ते म्हणाले. “तू म्हणतोस तर बरोबरच असणार. घ्या की दुसरा कुणी. मला तसाही रविवारी घराचा पत्रा बदलायचाय.”

दशांशला हायसं वाटलं. किती समजूतदार माणूस, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढच्याच मिनिटाला तो नव्या लढवय्याची तलवार निवडायला लागला. प्रयोगशाळेशेजारच्या वर्कशॉपमधला वेल्डर त्यानं संघात घेतला.

स्पर्धेत ते दुसऱ्याच लढाईत गारद झाले.

परतीच्या बसमध्ये चष्मेवाला आणि नर्स खिडकीबाहेर बघत बसले होते. वेल्डर मात्र खुशीत होता, त्याला काहीही चाललं असतं. दशांश वही मांडीवर घेऊन घाव मोजत होता. त्याचा स्वतःचा लढवय्या दर पाळीला चौदावरून दहावर आला होता. तिरंदाज बारावरून आठवर. पन्नासचा अंदाज होता, पडले सदतीस.

आधी त्यानं फाशाला दोष दिला. सोमवारी प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी झाल्यावर तो दाबयंत्राशेजारच्या ओट्यावर फासा टाकत बसला. शंभर वेळा, दोनशे, पाचशे. फासा निर्दोष निघाला. मग त्याला वाटलं, स्पर्धेतले राक्षस जास्त चिवट असतील. ते नियमात बघितलं. तसंही नव्हतं. शेवटी त्यानं जुन्या वहीतली एक लढाई काढली आणि ओळीनं वाचायला घेतली. लढवय्या: फासा नऊ, अधिक दोन. घाव आठ, अधिक दोन. तिरंदाज: फासा अकरा, अधिक दोन. प्रत्येक ओळीत ते ‘अधिक दोन’ त्याच्याच अक्षरात होतं. पुढे बेरीज केलेली, आणि ती बेरीज ज्याच्या हातून घाव बसला त्याच्या नावावर घातलेली.

त्यानं ते दोन-दोन, आणि त्या दोनांमुळेच लागलेले घाव, वेगळे काढले आणि ज्याचे होते त्याच्या नावावर मांडले. लढवय्या दहा. जादूगार नऊ. तिरंदाज सव्वाआठ. गवई सव्वाअकरा.

गवई पहिला होता. आणि त्याला काढून, दोन-दोन लढवय्ये घेऊन, संघ आधीपेक्षा पाळीला सव्वानं कमीच मारत होता.

सुट्टी संपली, कुणीतरी ठोकळे आणून ठेवले, तरी त्याला समजलं नाही. दुसऱ्याच्या अहवालात ही चूक सापडली असती तर त्यानं लाल शाईत फुली मारून तो परत पाठवला असता.

तेव्हाच उठून ताईकडे जायला हवं होतं. चालत पंधरा मिनिटांचा रस्ता. पण त्याला लाज वाटली. चार माणसांसमोर ‘असून नसल्यासारखा’ म्हटलेलं आता कुठल्या तोंडानं मागे घ्यायचं? पुढच्या रविवारी जाऊ, असं त्यानं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. एकदा ताईच्या फाटकापर्यंत जाऊन परत आला, खिशात नवा तक्ता घडी करून ठेवलेला. मध्ये आईचं ऑपरेशन झालं तेव्हा भाऊजी दवाखान्यात भेटायचे. तिथे ते नुसते हसायचे, मान हलवायचे. फारसं बोलायचे नाहीत. दशांश समजून गेला की ते मनात धरून आहेत. मग आणखी जड झालं. खेळ चालू होता. भाऊजींच्या खुर्चीत वेल्डर बसायचा, त्याच्यापाठोपाठ त्याचे दोन मित्र आले, टेबल गजबजलं. बाईचा नियमही सैल पडला. सगळे एकदमच बोलायचे.

असे चौदा महिने गेले.

शेवटी गेला तो ताईनंच बोलावलं म्हणून. नळाची तोटी गळत होती. भाऊजी ओसरीत स्टुलावर बसून सायकलच्या चेनला तेल घालत होते. दशांशनं सगळा धीर गोळा केला आणि त्यांच्या पाठीशी उभा राहून म्हणाला, “भाऊजी, तुमच्याशी एक बोलायचं होतं. माझं चुकलं.”

भाऊजी तेल घालत राहिले.

“भाऊजी, ऐकताय ना?”

काही नाही. तो समोर गेला तेव्हा ते दचकले, मग तोंडभर हसले. “अरे, कधी आलास?”

“आत्ताच. म्हटलं, माझं चुकलं.”

“हो हो,” भाऊजी म्हणाले. “आतच आहे ती. स्वयंपाकघरात.”

दशांश आत गेला. ताई तोटीखाली पातेलं लावून उभी होती. “ताई, भाऊजी माझ्यावर एवढे रागावलेत?”

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो नजर वळवायला लागला. “रागावलेत? अरे, ऐकू येत नाही त्यांना. तुला खरंच ठाऊक नाही?”

“कधीपासून?”

“प्रेसवर राहून राहून. सात-आठ वर्षं झाली असतील कमी व्हायला लागून. कुणाला सांगू दिलं नाही. कारखान्यात कळलं तर प्रेसवरून काढून दाराशी बसवतील, म्हणायचे. या वर्षात मात्र फारच गेलं.”

“पण ते खेळायला यायचे की! सगळं कळायचं त्यांना.”

“कळायचंच. तिथे एका वेळी एकच माणूस बोलायचा ना.” ताई पातेल्यातलं पाणी बघत बोलत होती. “खिडकीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडायचा. ओठ वाचायचे. आणि नाहीच कळलं तर आपलं गाणं म्हणायचं. राक्षस कुठलाही असो, गाणं तेच. येऊन मला सगळं सांगायचे. नर्स काय म्हणाली, तू कसा फासा टाकलास. आठवडाभर पुरायचं त्यांना. लग्नाकार्यात, बाजारात सगळी माणसं एकदम बोलतात, तिथे हे बावचळून जायचे. तुमचं ते टेबल तेवढं एक होतं.”

“मग मी त्यांना नको म्हटलं तेव्हा तू मला का नाही बोललीस?”

“मी निघाले होते तुझ्याकडे. हेच आडवे आले. म्हणाले, पोरानं पहिल्यांदा काहीतरी जिद्दीनं मनावर घेतलंय, त्याच्या पायात येऊ नको.”

दशांशनं तोटी बदलली. आटे दोनदा चुकले. मग तो ओसरीत गेला, भाऊजींच्या समोर, उजेडाकडे तोंड करून जमिनीवर बसला आणि खिशातला मळलेला तक्ता उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

भाऊजींनी बोटं पुसली, तक्ता वाचला. “म्हणजे मी पहिला?”

“तुम्हीच पहिले. मी तुमचे सगळे दोन-दोन माझ्या नावावर घातले होते.”

“ते मला ठाऊक होतं रे,” भाऊजी सहज म्हणाले. “तेव्हाच. दर पाळीला ‘दोन मिळवा’ म्हणून घसा मीच फोडायचो की. ते जातात कुठे ते मला कळणार नाही?”

“मग बोलला का नाहीत?”

भाऊजींनी त्याच्या ओठांकडे पाहिलं, समजायला क्षणभर गेला. “तू एवढी मेहनत केली होतीस. चौघांत तुला खोटं पाडू? आणि खरं सांगायचं तर...” त्यांनी तक्त्याची घडी घातली. “असून नसल्यासारखा म्हणालास ना, तेवढं नीट वाचता आलं मला. ते गणिताबद्दल नव्हतं. मग गणित सुधारून काय करणार?”

दशांशनं त्यांचे तेलकट हात धरले. भाऊजींनीच मग हात सोडवून घेतले. “चेनचं तेल घालायचं राहिलंय,” म्हणाले.

पुढच्या रविवारी तो त्यांना खेळायला घेऊन गेला. आधी सगळ्यांना भेटून सांगून ठेवलं होतं, एका वेळी एकानंच बोलायचं, हळू बोलायचं, तोंड वर ठेवायचं. सगळ्यांनी मनापासून प्रयत्न केला. पण टेबलाभोवती आता सात माणसं होती. वेल्डरचे मित्र हसले की सगळे हसायचे आणि भाऊजी एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नजर पळवत मागे पडायचे. कानात यंत्र घालून आले होते, त्यात टेबलावर पडणारा फासा प्रेससारखा वाजत होता. नर्स त्यांच्यासाठी कागदावर भराभर लिहीत होती, ते वाचून होईपर्यंत लढाई पुढे गेलेली असायची. एकदा ते चुकीच्या वेळी गायला लागले. नवी मंडळी गप्प झाली, आणि ती गप्प झालेली त्यांना दिसली. मध्यंतराला त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं, ग्रंथपाल बाईच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, “छान चाललंय तुमचं. मी निघतो.”

दशांश त्यांच्यामागे रस्त्यावर धावला. समोर जाऊन म्हणाला, “भाऊजी, मी त्या पोरांना काढतो. आपण पूर्वीसारखे चौघंच बसू.”

“कुणाला काढू नकोस,” भाऊजी म्हणाले. आवाज दणदणीतच होता, रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. “आता चौघं असलात तरी नाही जमायचं. वर्षभरापूर्वी जमत होतं.”

त्यांना दोष द्यायचा नव्हता. कॅलेंडरकडे बघून सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. दशांशला मात्र ते वर्ष आपण कुठे आणि कसं घालवलं ते दिवसवार आठवत होतं.

तो अजून प्रयोगशाळेतच आहे. खेळायला जातो, पण घाव लिहून ठेवत नाही. कुणा नव्या खेळाडूनं कोणता वर्ग भारी म्हणून विचारलं की चष्मेवाला मिस्कीलपणे त्याच्याकडे बोट दाखवतो आणि हा पाणी प्यायला उठतो. भाऊजी निवृत्त झाले. रविवारी दुपारी दशांश ताईकडे जातो. ओसरीत दोघं समोरासमोर बसतात. तो हळू, तोंड वर करून बोलतो, भाऊजी निम्मं समजतात, उरलेलं हसण्यावारी नेतात. सायकल, पत्रा, आईच्या गोळ्या, असलंच काहीबाही. कधी भाऊजींचा डोळा लागतो. मग तो ताईला न सांगता निघून येतो.